हायपर-व्ही : व्हीएमपुरतेच अधिकार कसे द्यावेत

हायपर-व्ही ही एका सर्व्हरवर (यजमानावर) अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी मायक्रोसॉफ्टची प्रणाली. चाचणीच्या दोन व्हीएम बंद-चालू करता याव्यात, एवढ्यासाठी डेव्हलपरना यजमान सर्व्हरवर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ गटात, म्हणजे पूर्ण अधिकार असलेल्यांत, घ्यावे, असा सल्ला दिला जातो; तो मला पटत नाही. त्यावर पर्याय म्हणून सुचवला जाणारा ‘हायपर-व्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ गट विंडोज सर्व्हर २०१२ पासून उपलब्ध आहे खरा, पण त्याचे अधिकार त्या यजमानावरील सर्वच व्हीएमना लागू होतात; तिथे डोमेन कंट्रोलरचीही (संस्थेतील सर्वांची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरची) व्हीएम असेल, तर गटातील कोणीही ती एक्स्पोर्ट करून, म्हणजे तिची प्रत बाहेर काढून, तिच्या डिस्कमधील पासवर्डांचे हॅश (सांकेतिक रूपे) निवांतपणे काढू शकतो.

विंडोज सर्व्हर २००८ मध्ये ऑथरायझेशन मॅनेजर या अधिकार नेमण्याच्या साधनातून व्हीएमनिहाय भूमिका ठरवता येत असत. प्रकरण किचकट होते, पण सोय होती. पुढे ती वाट बंद झाली.

आता नुसता कन्सोल, म्हणजे व्हीएमचा पडदा, हवा असल्यास ‘ग्रँट-व्हीएमकनेक्टअ‍ॅक्सेस’ हा पॉवरशेल (विंडोजची आदेश-प्रणाली) आदेश पुरतो. बंद-चालू करण्यासाठी मात्र ‘जस्ट इनफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ या पॉवरशेलमधील मोजके अधिकार देण्याच्या सोयीचा एंडपॉइंट (दूरून जोडण्याचे ठिकाण) तयार करावा, त्यात स्टार्ट-व्हीएम आणि स्टॉप-व्हीएम एवढेच आदेश उघडे ठेवावेत आणि त्यांच्या ‘नेम’ (व्हीएमचे नाव) पॅरामीटरला व्हॅलिडेटसेट, म्हणजे चालणाऱ्या किमतींची ठरावीक यादी, लावून त्या दोन व्हीएमचीच नावे द्यावीत. हे बंधन विसरले, तर नावाच्या जागी ‘सर्व’ या अर्थाचे एक तारका चिन्ह (*) टाकून कोणीही यजमानावरील सगळ्याच व्हीएम बंद करू शकेल. आदेश तात्पुरत्या व्हर्च्युअल खात्याखाली चालत असल्याने डेव्हलपरना यजमानावर कायमचा प्रशासकीय अधिकार द्यावा लागत नाही. ट्रान्स्क्रिप्टचे, म्हणजे दिलेल्या आदेशांच्या नोंदींचे, फोल्डरही त्याच एंडपॉइंटच्या सेशन कॉन्फिगरेशनमध्ये नेमून ठेवावे.