परदेशातल्या उन्हाळी उत्खननाला जायचंय, साइट कशी निवडू?

ओवी_एसवाय
नमस्कार मंडळी. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. येत्या उन्हाळ्यात परदेशात चार-सहा आठवड्यांचं फील्ड स्कूल करायचं डोक्यात आहे, म्हणजे चालू उत्खननावर प्रत्यक्ष काम आणि त्याचे क्रेडिटही. जाहिराती वाचून वाचून आता पार गोंधळ उडालाय. पाँपेई, अथेन्स अशी नावं दिसली की जीव तिकडेच ओढतो, आणि दुसरीकडे कुठलंतरी अनोळखी गाव, तिथे फक्त "रोमन काळातलं शेतघर" एवढंच लिहिलेलं. फी दोन्हीकडे दणदणीत. घरचे विचारतात माती उकरायला पैसे आपणच का द्यायचे, मजुरी त्यांनी द्यायला हवी! आणि खरं सांगायचं तर मला यावर उत्तर सुचत नाही. अनुभव शून्य आहे, उन्हात डोकं दुखतं. कोणी गेलंय का? नाव बघू की आणखी काही?

थापीवाली
ओवी, नाव आधी बाजूला ठेव. त्यांना एकच विचार, रेकॉर्डिंग (म्हणजे काय, कुठे सापडलं याच्या नोंदी, फोटो, ड्रॉइंग) विद्यार्थी करतात की नुसतं खोदतात? कारण खोदणं आठवड्याभरात जमतं, थापी स्वतःकडे ओढत पातळ थर खरवडायचा, हात बसला की झालं. शिकायचं असतं ते पुढचं.

आमच्या ट्रेंचच्या (आखून खोदतात त्या चराच्या) कोपऱ्यात एकदा माती जरा काळपट वाटली. मी खरवडत पुढे निघाले होते, सुपरवायझर म्हणाली थांब, पाण्याचा फवारा मार. मारला तर ताटाएवढा काळा गोल एकदम उठून दिसला. लाकडी खांब कुजून गेलेला, त्याचा खड्डा तेवढा उरलेला. मग तो सगळा एकदम नाही उपसायचा, आधी अर्धाच, म्हणजे उभा छेद दिसतो, त्याचा फोटो, १:१० ने ड्रॉइंग, मातीचा रंग मन्सेलच्या चार्टला, म्हणजे रंगांच्या ठरलेल्या तक्त्याला, लावून बघायचा (सावलीत की उन्हात यावरून दोघांत भांडण ठरलेलं), मग कॉन्टेक्स्ट शीट (प्रत्येक थराचा किंवा खड्ड्याचा नोंदीचा फॉर्म) भरायची की हा खड्डा कुठल्या थरातून खाली गेलाय आणि त्याला कोणी कापलंय का, आणि हे सगळं झाल्यावरच उरलेला अर्धा. हातात वस्तू म्हणाल तर काही नाही, पण तिथे भिंत होती हे अशा चार-पाच खड्ड्यांवरूनच कळलं.

घरच्यांना हेच सांग. खोदलेला थर परत खोदता येत नाही. नवख्या मुलीच्या हातात तो द्यायचा तर शेजारी जाणकार माणूस बसवावा लागतो, फी त्या माणसाची असते. निदान असायला हवी.

रोखठोक
"असायला हवी" हे बरोबर बोललात 😄 मी फी भरून गेलो होतो ती जागा (नाव घेत नाही) म्हणजे ढकलगाडी, बादल्या आणि चाळणी, बस. शीट भरायला सीनियर पोरं, आम्ही त्यांच्यामागे माती वाहणार. म्हणून ओवी, मेल करून स्पष्ट विचारून घे, एका सुपरवायझरमागे किती विद्यार्थी, पाऊस पडला तर त्या दिवशी काय शिकवता, क्रेडिट नेमकं कुठल्या विद्यापीठाचं आणि तुझं कॉलेज ते धरणार का, आणि हॅरिस मॅट्रिक्स विद्यार्थी बनवतात का. (कुठला थर आधीचा कुठला नंतरचा याचा तो तक्ता, एडवर्ड हॅरिसने १९७३ मध्ये विंचेस्टरच्या कामातून काढलेला.) गोल गोल उत्तर आलं की समजून जा.

पण थापीवाली, नावाजलेली साइट म्हणजे वाईट असंही नाही हं. तुर्कीतल्या चातालह्युयुकला (अश्मयुगातली मोठी वस्ती) इयन हॉडर या पुरातत्त्वज्ञाची टीम १९९३ ते २०१८ होती, तिथली ख्यातीच मुळी रेकॉर्डिंगसाठी. हाडांचे, बियांचे, दगडांचे तज्ज्ञ थेट ट्रेंचमध्ये येऊन खोदणाऱ्यांशी चर्चा करायचे, खोदणारे डायऱ्या लिहायचे. अशा ठिकाणी नाव आणि शिक्षण दोन्ही मिळतं.

थापीवाली
मान्य. माझा राग फक्त ब्रोशरवरच्या सोनेरी मुखवट्यांवर आहे.

कागदपत्रं_आधी
साइट ठरायच्या आधीच व्हिसाचं बघा, लोक हेच शेवटी ठेवतात. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) असेल तर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं आणि कमीत कमी ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून मान्यताप्राप्त संस्थेत ६ महिन्यांपर्यंत शिकता येतं, पण नुसतं व्हॉलंटियर असाल तर नोंदणीकृत चॅरिटीकडे आणि तेही ३० दिवसांपर्यंतच, म्हणजे आपण "विद्यार्थी" की "व्हॉलंटियर" हे पत्रात काय लिहिलंय ते नीट वाचा. त्या मोसमाचा उत्खननाचा सरकारी परवाना हातात आलाय का हेही विचारा, तो लांबला तर तारखा सरकतात आणि तुमचं तिकीट वाया. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन जा. आणि साइटवरून खापराचा तुकडासुद्धा आठवण म्हणून खिशात टाकायचा नाही, बहुतेक देशांत तो थेट गुन्हा आहे.

ओवी_एसवाय
बापरे, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं. तीन ठिकाणी मेल टाकलेत, एकाने लगेच उत्तर दिलं की प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःची ट्रेंच नोटबुक ठेवावी लागते आणि ती तपासली जाते, ते शेतघरवालेच! उन्हाचं काय पण? आणि दुपारी काय करतात?

थापीवाली
भूमध्य समुद्राकडच्या साइट्सवर उजाडता उजाडता सुरू करतात आणि ऊन चढलं की बंद. दुपारी खापरं धुवायची, टूथब्रशने. धातू मात्र धुवायचे नाहीत, कोरडेच ठेवायचे. कुठे कुठे फ्लोटेशन असतं, मातीचा नमुना पाण्यात ढवळला की जळलेलं धान्य, बिया वर तरंगतात, त्या गाळून वाळवायच्या. कंटाळवाणं वाटेल, पण लोक काय पिकवत होते, काय खात होते ते भिंतींपेक्षा यातूनच जास्त कळतं, मला तर तेच सगळ्यात आवडलं.

उन्हाचा फारच त्रास असेल तर उत्तरेकडे बघ. इंग्लंडमध्ये रोमन सम्राट हेड्रियनने बांधलेल्या भिंतीजवळ विंडोलांडा आहे, रोमन छावणी, तिथे अनुभव नसलेले व्हॉलंटियरही घेतात पण जागा पटापट भरतात. ऊन नाही, चिखल भरपूर. त्या चिखलाला शिव्या घालू नकोस मात्र, ओल्या मातीत हवा पोचत नाही म्हणून तिथे लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं टिकली, १९७३ पासून सापडतायत. त्यातलं एक क्लॉडिया सेवेरा नावाच्या बाईने मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावलेलं, साधारण इ.स. १०० चं.

रोखठोक
पण नुसतं व्हॉलंटियर म्हणून गेलीस तर क्रेडिट धरून चालू नकोस. क्रेडिट हवंच असेल तर मला शेतघर बरं वाटतंय.

थापीवाली
+१. आणि थापी स्वतःची घे, चार किंवा पाच इंची, पातं आणि दांडी एकाच तुकड्यातून घडवलेली, जोड दिलेली घेतलीस तर कडक मातीत तुटते. जाताना चेक-इन बॅगेत टाक, केबिनमध्ये नेलीस तर सिक्युरिटीवाले काढून घेतील.