मदत हवी आहे : जळगावच्या पर्यटनाचा पावसाळी हंगाम एकत्र कसा उभा करावा?

जळगावातील काही लॉजमालक, टॅक्सीचालक, गाइड आणि खानावळवाले अशा आम्हा मंडळींचा व्यवसाय मुख्यतः अजिंठ्याला जाणाऱ्या पाहुण्यांवर चालतो. ही गर्दी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असते. पुढे पारा ४० अंशांच्या वर गेला की खोल्या रिकाम्या राहतात. उन्हाळ्याचा हट्ट आम्ही सोडला आहे (मे महिन्यात येथे फिरायला या, असे प्रामाणिकपणे सांगता येत नाही), परंतु जुलै ते सप्टेंबर हा काळ भरता येईल असे वाटते. मनुदेवीचा धबधबा, सातपुड्यातील पाल हे थंड हवेचे ठिकाण, चाळीसगावजवळील पाटणादेवी आणि जळगावातील गांधीतीर्थ हे गांधीजींवरील संग्रहालय, एवढे एकत्र गुंफून दोन मुक्कामांची सहल आखली आहे.

यापूर्वी प्रत्येकाने स्वतंत्र सवलत देऊन पाहिली. त्यातून पाहुणे वाढले नाहीत, केवळ आपसात दर पडले. सामाईक माहितीपत्रकही काढले, मात्र त्यावर आलेले फोन कोणी घ्यायचे, यावरच गाडी अडली. आमची नोंदणीकृत संस्था नाही, निधी जुजबी आहे आणि अनुदानाची वाट पाहण्याची तयारी नाही.

ज्यांनी आपल्या गावात असे सहकार्य प्रत्यक्ष चालवले आहे, त्यांनी कृपया सांगावे : सामाईक खर्चाची वर्गणी सर्वांकडून सारखी घ्यावी की मिळालेल्या बुकिंगच्या प्रमाणात, आणि ठरलेला किमान दर कोणी मोडल्यास त्यावर संस्था नोंदवल्याशिवाय, केवळ लेखी कराराने, आळा घालता येतो का?