‘परमेश्वरावर भाव ठेव’ : वऱ्हाडीत नेमका कोणता शब्द?

तिफण :
पेरणीआधीच्या प्रार्थनेसाठी एका पानाचं पत्रक करायचं आहे. यवतमाळ जिल्ह्यातली खेड्यातली ख्रिस्ती मंडळी, बहुतेकांची कोरडवाहू कापूस-तूर. पत्रक वऱ्हाडीत हवं. मुख्य ओळ नीतिसूत्रे ३:५, छापील बायबलात अशी आहे : ‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस.’ घोडं ‘भाव’वर अडलंय. मसुदा वाचणाऱ्या तरुण पोरांनी सरळ कापसाचा भाव असा अर्थ घेतला. विश्वास, भरवसा, भरोसा, श्रद्धा, आसरा यांतला कोणता लावू?

पाटीपेन्सिल :
काहीही लावू नका, ‘भाव’च राहू द्या. ‘देव भावाचा भुकेला’ हे ज्याला कळतं त्याला ही ओळ कळते. बाजारभाव आणि भक्तिभाव हे दोन्ही एकाच ‘भू’ धातूचे, आणि कोणता अर्थ घ्यायचा ते क्रियापद सांगतं. कापसाचा भाव फुटतो, पडतो, चढतो, मिळतो. तो कोणी ‘ठेवत’ नाही. ‘भाव ठेव’ म्हटलं की बाजार आपोआप बाद होतो.

वर्धाकाठ :
बाद नाही होत सर. आजच्या पोरांच्या तोंडी ‘भाव देणे’ आणि ‘भाव खाणे’ आहे. ‘तो मले भाव देत नाही’ म्हणणाऱ्याला ‘देवावर भाव ठेव’ कसं ऐकू येईल? त्यात हा प्रदेश हमीभावाचा. २०२५-२६ ला मध्यम धाग्याचा ७७१० आणि लांब धाग्याचा ८११० रुपये क्विंटल जाहीर झाला, हे आकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतात. कापूस घरात असताना ‘भाव’ हा शब्द दुसऱ्या कशाला मोकळा नसतो.

धुऱ्यावरचा :
भरोसा लिवा ना भौ. गावात कोनी भरवसा म्हनत नाई, भरोसाच म्हनतेत.

वर्धाकाठ :
धुऱ्यावरचे भौ, ‘देवाच्या भरोशावर सोडलं’ म्हणजे गावात काय? वावराची डवरणी नाही, निंदण नाही, गवत माजलंय. ‘रामभरोसे कारभार’ही त्यातलाच. कोरडवाहूला तर ‘देवाच्या भरोशाची शेती’ हेच नाव आहे आणि ते कौतुकाचं नाही. म्हणजे ‘भरोसा’ची पंचाईत अशी की देवाच्या शेजारी बसला की त्याचा अर्थ ‘हेळसांड’ होतो. माणसाच्या शेजारी तोच शब्द चांगला चालतो : ‘त्याच्या भरोशावर पोरगी दिली.’

पळसफूल :
यात ‘दैवावर हवाला’ही आणा. एका मात्रेचा फरक, पण अर्थ उलटा. दैवावर हवाला म्हणजे ‘जे व्हायचं ते होईल’. स्तोत्र ५५:२२ मध्ये ‘तू आपला भार परमेश्वरावर टाक’ आहे, तिथे कोणीतरी भार घेणारा आहे. पत्रकाने ‘दैव’ टाळावं. ‘देवाची मर्जी’ही टाळावं, कारण नापिकीच्या वर्षी ते ऐकणाऱ्याला ‘तुझं पीक देवानेच मारलं’ असं लागतं.

शास्त्रपाठ :
‘भाव ठेव’चं मूळ इब्री (हिब्रू) क्रियापद ‘बाताख’. ते फक्त देवापुरतं नाही. यशया ३१:१ मध्ये लोक मिसरच्या (इजिप्तच्या) रथांवर ‘बाताख’ करतात आणि संदेष्टा त्यांना झापतो. म्हणजे शब्द असा हवा जो रथावरही बसेल आणि देवावरही, चुकीच्या जागीही ठेवता येईल. ‘रथावर भाव ठेवला’ हे मराठीच होत नाही. ‘रथावर भरवसा ठेवला’ होतं. या कसोटीवर ‘भाव’ आणि ‘श्रद्धा’ दोन्ही पडतात.
ओळीच्या दुसऱ्या भागाकडे कोणी पाहिलं नाही. ‘अवलंबून राहू नकोस’चं मूळ क्रियापद ‘शाअन’ म्हणजे टेकणे, अंग टाकून रेलणे. शास्ते १६:२६ मध्ये आंधळा शमशोन ज्या खांबांना टेकायचं म्हणतो, तिथे हेच. ‘आपल्याच अकलेले टेकून राहू नोको’ असं केलं तर वऱ्हाडीत फिट बसेल.

पाटीपेन्सिल :
‘अकलेले’? पवित्र वचनात ‘अक्कल’?

शास्त्रपाठ :
का नको? ‘खातरी’ अरबी ‘खातिर’वरून आलेली आहे आणि ती बायबलातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ ११:१ मध्ये छापलेली आहे : ‘विश्वास हा आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी आहे.’ आणि हा वाद काही आजचा नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. त्या १९२२ ला गेल्या, ते १९२४ ला छापून आलं. सोपं करणं म्हणजे बाटवणं असं त्यांना वाटलं असतं तर त्या या कामाच्या वाटेला गेल्याच नसत्या.

पळसफूल :
‘विश्वास’वर कोणीच बोललं नाही, म्हणून. वि + श्वस्, मोकळा श्वास घेणे. व्युत्पत्ती सुंदर, पण मंडळ्यांमध्ये हा शब्द आता धर्माचं नाव झालाय. ‘ते विश्वासात आहेत’ म्हणजे ख्रिस्ती आहेत. ‘विश्वासात आला’ म्हणजे बाप्तिस्मा घेतला किंवा घेणार. बाहेरच्या मराठीत ‘विश्वासात घेणे’ म्हणजे गुपित सांगणे. त्यामुळे ज्याच्या घरी कर्ज आहे आणि पाऊस नाही, त्याला ‘विश्वास ठेव’ म्हटलं की तो म्हणणार, मी तर आधीपासूनच विश्वासात आहे, मग हे काय झालं? शब्द तोच, पण त्याला हवा असतो धीर आणि कानावर पडतं सभासदत्व.
‘श्रद्धा’चं म्हणाल तर महाराष्ट्रात ती एकटी फिरतच नाही, मागोमाग ‘अंधश्रद्धा’ नाहीतर ‘सबुरी’ येते.

धुऱ्यावरचा :
भरवसा म्हंजे भर + वसा. व्रताचा वसा असते ना, उतनार नाही मातनार नाही, तो. भरून घेतलेला वसा. म्हनून भरवसाच बरोबर.

शास्त्रपाठ :
भौ, ऐकायला गोड आहे, पण हिंदीत भरोसा, गुजरातीत भरोसो, बंगालीत भरसा. तिकडे कुठला वसा?

धुऱ्यावरचा :
तिकडले लोक विसरले असतीन.

कोरडवाहू :
शब्द कोणताही घ्या, पण पेरणीच्या तोंडावर ‘आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस’ एवढंच छापलं तर काय वाचलं जाईल याचा विचार करा. पहिली सर आली, मनाने घेतलं, देवाचं नाव घेऊन पेरलं. मग वरची चार बोटं ओली, खाली कोरडं, पावसाने खंड दिला, कोंब जळाला, दुबार पेरणी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय पेरू नये ही शिफारस जुनी आहे. काही जण कापसाची धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्यात पेरणी, करतात. ती जोखीम जाणूनबुजून घेतलेली असते, तिला भरोसा म्हणू नका.
घरचं सोयाबीन बियाणं असेल तर उगवण तपासायची : न निवडता १०० दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, दुसरं ओलं गोणपाट वरून, गुंडाळी करून सावलीत, रोज पाणी शिंपडायचं, आठवड्याने कोंब मोजायचे. ७० च्या वर आले तर नेहमीचं प्रमाण. त्याहून कमी असेल तर बियाणं वाढवायचं, फारच कमी असेल तर बदलायचं. मळणीत दाण्याला मार बसला की उगवण जाते, कारण सोयाबीनचं टरफल नाजूक असतं.
हे बुद्धीवर टेकणं नव्हे. लूक १४:२८ मध्ये बुरूज बांधणारा आधी बसून खर्च मोजतोच. ओळीतला ‘आपल्याच’मधला ‘च’ गाळू नका, सगळं त्या ‘च’वर आहे.

वर्धाकाठ :
‘च’चा मुद्दा पटला. इब्रीत आहे का तो ‘च’?

शास्त्रपाठ :
वेगळा अव्यय नाही. ‘तुझ्या समजेला टेकू नको’ एवढंच. पण आदल्या अर्ध्या ओळीत ‘सगळ्या हृदयाने’ आहे, त्याच्या विरोधातून अनुवादकाने ‘च’ आणला असावा. मला तो योग्य वाटतो.

तिफण :
मग ‘भरोसा ठेवजो, पन उगवण पाहून पेरजो’ असं चालेल का?

पाटीपेन्सिल :
दुसरा अर्धा वचनात नाही. अवतरणाबाहेर टाका. आणि ‘ठेवजो’ हे हिंदी ‘कीजो’चं पिल्लू आहे, मराठी आज्ञार्थ ‘ठेव’.

कोरडवाहू :
‘ठेव’ आणि ‘ठेवजो’ एक नाहीत. ‘सांग’ म्हणजे आत्ता. ‘सांगजो’ म्हणजे तिथे गेलास की, वेळ आली की. ‘पाणी दे’, पण ‘संध्याकाळी बैलाले पाणी देजो’. प्रमाण मराठीला हा भेद करायला अख्खं वाक्य लागतं. अडचण आली की त्या वेळी धर, हे ‘भरोसा ठेवजो’ दोन शब्दांत सांगतं.

पाटीपेन्सिल :
म्हणजे आज नाही ठेवला तरी चालेल?

पळसफूल :
या आक्षेपात दम आहे. ‘ठेवून राह्य’ कसं वाटतं? चालू क्रिया.

धुऱ्यावरचा :
ज्ञानोबाच्या ‘कीजे’ ‘दीजे’ मधून आला जो. हिंदी कायले म्हनता?

पाटीपेन्सिल :
‘कीजे’ म्हणजे ‘केले जावे’, ती कर्मणीची रचना. तिची सरमिसळ करू नका.

वर्धाकाठ :
इब्री ११:१ निघालंच आहे तर, ‘भरवसा’च्या जागी ग्रीकात ‘हुपोस्तासिस’ आहे, शब्दशः ‘खाली उभं असलेलं’, पाया. इजिप्तात सापडलेल्या पपायरसांत, म्हणजे जुन्या कागदपत्रांत, तो मालमत्तेच्या कागदांच्या संदर्भात येतो, त्यावरून काही अभ्यासक ‘मालकीचा दस्त’ असा अर्थ सुचवतात. सगळ्यांना तो मान्य नाही. पण गावासाठी भाषांतर तयार आहे : ‘विश्वास म्हंजे आशेचा सातबारा.’

कोरडवाहू :
सातबारा मालकीचा दस्त नाही. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, बारा ही पिकांची नोंद. मालकी खरेदीखताने, वारशाने येते. आणि सातबाऱ्यावर ‘इतर अधिकारा’त सोसायटीचा बोजा चढलेला असतो. कर्जबाजारी माणसाच्या हातात ‘आशेचा सातबारा’ द्याल तर तो आधी बोजा पाहील.

वर्धाकाठ :
तरीही. जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५७ : नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानायची. न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल याहून नेमकं कोण लिहिणार?

शास्त्रपाठ :
हे झकास आहे, पण प्रवचनात. पत्रकात तळटीप लागेल. तशी यवतमाळला सवय असेल म्हणा, युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था १९५३ ते १९८३ तिथेच होती.

पळसफूल :
पत्रक पेरणीआधीचं असलं तरी ते भिंतीवर राहणार, नापिकी झाली तरी. म्हणून एक गोष्ट. फक्त ‘भरोसा ठेव’ छापू नका, सोबत स्तोत्र १३ द्या. पहिल्या दोन वचनांत चारदा ‘कोठवर’ आहे आणि पाचव्यात ‘भरवसा’. तक्रार आधी, भरवसा नंतर, आणि दोन्ही एकाच तोंडून. संकटातल्या घरी भेटीला जाणाऱ्यांनीही हाच क्रम धरावा : आधी ऐकून घ्यावं, मग सहा वचनांचं हे छोटं स्तोत्र वाचावं, लहानशी प्रार्थना करावी आणि उठावं. ‘तुमचा विश्वास कमी पडला’ हे वाक्य कोणत्याही बोलीत नको. तळाशी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक मोठ्या अक्षरात टाका. माणूस झोपत नसेल, जेवत नसेल, निरवानिरवीची भाषा बोलत असेल तर प्रार्थना करून थांबू नका, त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा.

तिफण :
क्रमांक टाकतो. पण ‘कोठवर’ला वऱ्हाडीत काय? ‘कवापावतर’?

धुऱ्यावरचा :
कवापावतर. नाईतर कधीलोक. अकोल्याकडे लोक, इकडे पावतर.

वर्धाकाठ :
अकोल्यातही पावतर म्हणतात.

शास्त्रपाठ :
थांबा. इब्रीत ‘अद-आना’, शब्दशः ‘कुठपर्यंत’. जागेचा शब्द काळासाठी वापरलाय. ‘कोठवर’ने तो बरोबर पकडलाय. ‘कवापावतर’ने फक्त काळ उरतो.

कोरडवाहू :
मग ‘कुठपावतर’ करा.

पाटीपेन्सिल :
‘कुठपावतर’ हे एसटीच्या कंडक्टरचं वाक्य आहे.

तिफण :
मंडळी, एकच पान आहे, आणि ‘भाव’चं अजून ठरलं नाही.

धुऱ्यावरचा :
मांगची बाजू कोरी हाय ना?