मदत हवी आहे: खारपाणपट्ट्यातली काळी माती, मे महिन्यातल्या प्लेट लोड टेस्टवर घराचा पाया ठरवावा का?

नमस्कार मंडळी. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, भर खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या पट्ट्यात. आईसाठी दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ओसरी एवढंच तळमजल्याचं घर बांधायचं आहे. ठेकेदार म्हणतो पाऊस लागायच्या आत पाया काढून घेऊ. मला धीर होत नाही.

कारण आमचं जुनं घर. विटांच्या भिंती, पाच फूट पाया, गवंडीही हाताचा चांगला. तरी दुसऱ्याच वर्षी देवघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली. वैशाखात तिच्यात रुपयाचं नाणं उभं शिरतं, पोळ्यापर्यंत नखही जात नाही. त्याच दिवसांत मागचं दार चौकटीत अडकतं. तीनदा भेग बुजवली, तीनदा सिमेंट सुटलं. आम्ही समजायचो घर खचतंय. गेल्या उन्हाळ्यात भेगेवर काचेची पट्टी चिकटवली, ती पाऊस सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत तडकली. तेव्हा लक्षात आलं, घर खचत नाही, ओली झाली की फुगणाऱ्या आणि वाळली की आकसणाऱ्या मातीबरोबर वर-खाली होतंय.

आता नवीन जागेचं. ठेकेदाराने मे महिन्यात पाच फुटांवर ३० सेंमीची लोखंडी प्लेट ठेवून, तिच्यावर भार देऊन ती किती दबते याची टेस्ट (प्लेट लोड टेस्ट) करून घेतली. कागदावर भारक्षमता उत्तम आहे. पण मे महिन्यात आमची माती दगड झालेली असते, टिकाव मारला तर उडून येतो. वावरातल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो. अशा मातीने प्लेट पेलली यात नवल काय? शिवाय प्लेटच्या भाराचा परिणाम तिच्या रुंदीच्या दुपटीपर्यंतच पोचतो, म्हणजे जेमतेम दोन फूट. त्याखालची माती ओली झाल्यावर काय करेल, हे त्या कागदावर कुठेच नाही.

म्हणून शाळेतल्या सरांकडून दोन मोजपात्रं आणली. वाळवून, बारीक चाळून घेतलेली माती दोन्हींत दहा-दहा ग्रॅम टाकली. एकात रॉकेल, एकात शुद्ध पाणी. रॉकेलने ही माती फुगत नाही, म्हणून ते तुलनेला. २४ तासांनी रॉकेलमध्ये माती ११ मिलिलिटरवर बसली होती, पाण्यात २२ वर. म्हणजे फुगवटा १०० टक्के. घरची चाळणी होती, चूक असेल, पण इतकी?

मिस्त्री म्हणतात खड्डा रुंद काढू, खाली दोन फूट रेती भरू. एक ओळखीचे इंजिनिअर अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल उतरवलेले, खाली फुगा असलेले काँक्रीटचे खांब) सांगतात. नक्की काय करावं? आणि पाइल गावात, मोठ्या मशीनशिवाय होतात का?

प्रतिसाद १

भाऊ, तुमची शंका रास्त आहे. ५० टक्क्यांच्या वर फुगवटा गेला की भारक्षमतेपेक्षा पाण्याचा विचार आधी करायचा. प्रयोगशाळेतून ही फुगवट्याची चाचणी (भारतीय मानक आयएस २७२०, भाग ४०) आणि फुगण्याच्या दाबाची चाचणी करून घ्या. माती तपासण्यासाठी बोअर घेऊन प्रत्येक थराची माती काढा, वरच्या पाच फुटांवर थांबू नका.

रेती मुळीच भरू नका. काळ्या मातीतला रेतीचा खड्डा म्हणजे पाण्याची टाकी. पाणी तिथे साठतं आणि आजूबाजूच्या मातीला पाजत राहतं. भरायचंच तर चिकटपणा असलेला पण न फुगणारा मुरूम, थराथराने ठोकून, साधारण एक मीटर. आयआयटी मुंबईच्या डॉ. आर. के. कट्टी यांनी हीच पद्धत कालव्यांसाठी मांडली. पण तुमच्याकडे मुरूम लांबून आणावा लागेल, त्याचा हिशेब आधी करा.

अंडर-रीम्ड पाइल ही रुरकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने) अशाच मातीसाठी विकसित केलेली पद्धत. साडेतीन मीटरच्या खाली ओलावा ऋतूप्रमाणे फारसा बदलत नाही, म्हणून पाइल तिथवर नेतात आणि खाली फुगा काढतात. २५ सेंमीच्या पाइलला फुगा अडीचपट, म्हणजे साडेबासष्ट सेंमी. माती वर उचलू लागली तरी तो फुगा खाली धरून ठेवतो. दोन पाइलमध्ये किमान सव्वा मीटर अंतर. हे काम हाताच्या ऑगरने (फिरवून जमिनीत भोक पाडायच्या हत्याराने) माणसं करतात. फुगा पूर्ण कापला गेला की हत्यार फिरवलं तरी त्याच्या बादलीत नवी माती येत नाही, ते स्वतः उभं राहून बघा. किती पाइल, किती लोखंड, हे मात्र इंजिनिअरकडूनच काढून घ्या.

आणि एक गोष्ट जी हमखास विसरली जाते. प्लिंथ बीमच्या (पाइलांवर टेकलेल्या, भिंती पेलणाऱ्या काँक्रीटच्या तुळईच्या) खाली ८० मिमी मोकळी जागा सोडा. बीम मातीला टेकला तर पाइल करूनही माती बीमला खालून ढकलेल.

प्रतिसाद २

खारपाणपट्टा म्हणताय म्हणून सांगते. बोअरवेलच्या खाऱ्या पाण्यात काँक्रीट कालवू नका. लोखंड असलेल्या काँक्रीटला पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत लागतं. आमच्या अंगणातल्या टाकीच्या कालमाची सळई याच पाण्याने खाल्ली, पापुद्रे हाताने निघतात. घराभोवती उताराची फरशीही करा. न्हाणीचं पाणी आणि कडुनिंब, दोन्ही भिंतीपासून दूर ठेवा.

धागाकर्ता

ताई, दादा, मनापासून आभार. न्हाणी नकाशात नेमकी देवघराच्या भिंतीला लागून होती, ती आजच हलवली. ठेकेदाराला पाया थांबवायला सांगितलं, तो नाराज झाला, होऊ दे. माती तपासायचा बोअर दिवाळीनंतर घेऊ. पाण्याचा नमुना उद्या अमरावतीला पाठवतो. एक राहिलं: बीमखालची ८० मिमी जागा पुढे माती घुसून भरू नये म्हणून बाजूने काय लावता? विटा उभ्या लावल्या तर चालतील का?