‘दिमाखदार’, ‘भपकेबाज’ की ‘रंगेल’? रॉबर्ट इव्हान्सच्या आठवणींसाठी नेमके शब्द

विचारणा

हॉलिवूडचा निर्माता रॉबर्ट इव्हान्स याचे १९९४ साली प्रसिद्ध झालेले ‘द किड स्टेज इन द पिक्चर’ हे पुस्तक मी नुकतेच वाचून संपवले आणि आमच्या वाचक मंडळासाठी त्याचा दोन पानी परिचय लिहायला बसलो, तो पहिल्याच वाक्यात अडकलो. इंग्रजीत या गृहस्थाच्या नावामागे ‘पॉवरफुल’ आणि ‘फ्लॅमबॉयंट’ ही दोन विशेषणे हमखास लावलेली असतात. कोशात पाहून मी ‘शक्तिशाली व दिखाऊ निर्मात्याचे आत्मचरित्र’ असे लिहिले, आणि घरात मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा बायकोने विचारले, ‘हा कोण, तालमीतला पैलवान का?’ या दोन विशेषणांना मराठीत काय म्हणावे, अशा पुस्तकाला आत्मचरित्र म्हणावे की आणखी काही, आणि शीर्षकाचे मराठी करायचेच झाले तर ते कसे करावे, याविषयी जाणकारांनी सांगावे.

पहिला प्रतिसाद

तुमच्या पत्नींचा कान पक्का आहे. ‘शक्तिशाली’ हा शब्द आपण इंजिनाला, भूकंपाला किंवा फार तर राष्ट्राला लावतो. माणसाची सत्ता सांगायची असेल तर मराठीत ‘बडे प्रस्थ’, ‘वजनदार’, ‘मातब्बर’, ‘दबदबा असलेला’ असे शब्द तयार आहेत, पण त्यांतला प्रत्येक इव्हान्सला सारखाच शोभत नाही. ‘मातब्बर’ हा अरबी ‘मुअतबर’वरून आला आहे आणि त्याच्या मुळाशी विश्वासाचा, म्हणजे पत असण्याचा अर्थ आहे. १९६६ साली चार्ल्स ब्लूडॉर्नच्या ‘गल्फ अँड वेस्टर्न’ कंपनीने पॅरामाउंट ही चित्रपट कंपनी विकत घेतली आणि या ३६ वर्षांच्या माणसाला तिथे आणून लवकरच निर्मितीची सूत्रे त्याच्या हाती दिली, तेव्हा त्याची पत काय होती? भावाच्या भागीदारीतल्या, बायकांचे कपडे करणाऱ्या कंपनीतला वाटा, नट म्हणून केलेल्या थोड्या भूमिका, आणि निर्माता म्हणून पूर्ण केलेला चित्रपट एकही नाही. त्यामुळे ‘मातब्बर’ इथे चालणार नाही. ‘बडे प्रस्थ’ मात्र चपखल आहे, कारण प्रस्थ हे माजते, वाढते आणि ओसरतेही, आणि पुस्तकाचा निम्मा भाग त्या ओसरण्याचाच आहे.

शिवाय ही सत्ता स्वतःच्या मालकीची नव्हती, ती पगारी होती. कोणत्या पटकथेला हिरवा कंदील दाखवायचा (आपला हा आगगाडीचा वाक्प्रचार इथे भाषांतर न करता बसतो, हॉलिवूडही त्याच दिव्याची भाषा बोलते) हे तो ठरवत असे, पण त्याच्या डोक्यावर ब्लूडॉर्न होता आणि ब्लूडॉर्नच्या मागे संचालक मंडळ. तो स्टुडिओ बंद करण्याच्या गोष्टी चालल्या असता इव्हान्सने संचालकांसमोर भाषण केले नाही, तर एक छोटी फीत तयार करवून घेतली. माइक निकल्सने तिचे दिग्दर्शन केले, आणि नीटनेटक्या सजवलेल्या कार्यालयाच्या देखाव्यात उभे राहून इव्हान्सने येऊ घातलेल्या चित्रपटांचे असे काही गुणगान केले की स्टुडिओ वाचला. स्वतःच्या नोकरीसाठी केलेली विनवणीसुद्धा नेपथ्य लावून, प्रकाशयोजना करून करणारा हा माणूस आहे, आणि तुमचे दुसरे विशेषण नेमके इथे येते.

‘फ्लॅमबॉयंट’ या शब्दाच्या पोटात फ्रेंच ज्वाळा आहे. फ्रान्समधल्या उत्तरकालीन गॉथिक इमारतींच्या खिडक्यांवरची नक्षी ज्वाळांसारखी वळत जाते म्हणून त्या शैलीला हे नाव पडले, आणि आपल्याकडे मे महिन्यात रस्तेच्या रस्ते पेटवून देणाऱ्या गुलमोहरालाही इंग्रजीत याच नावाने ओळखतात. गुलमोहराला आपण ‘दिखाऊ झाड’ म्हणत नाही. म्हणून ‘दिखाऊ’ बाद, आणि ‘भपकेबाज’ही बाद, कारण भपका म्हटला की आत काही नाही असे आपण गृहीत धरतो. इव्हान्सच्या हाताखाली १९६८ ते १९७४ या काळात ‘रोझमेरीज बेबी’, ‘लव्ह स्टोरी’, ‘द गॉडफादर’ आणि ‘चायनाटाउन’ निघाले, त्यामुळे आत काही नव्हते असे त्याच्या वैऱ्यालाही म्हणता येणार नाही. ‘ऐटबाज’ हा शब्द कॉलेजच्या पोरांचा वाटतो. ‘छानछोकी’ कपड्यांपुरती राहते, मग त्याचा रापलेला चेहरा आणि ते भले थोरले रंगीत काचांचे चष्मे कितीही प्रसिद्ध असोत.

उरतात ‘रुबाबदार’ आणि ‘दिमाखदार’. रुबाबाला समोर कोणी तरी दबणारा लागतो, त्यात धाक मिसळलेला आहे. दिमाखाला फक्त पाहणारा पुरतो. गंमत अशी की हिंदीत जो ‘दिमाग’ डोक्यात राहिला तोच मराठीत येऊन डोक्यात गेला आणि ‘दिमाख’ झाला, म्हणजे मेंदूचा गर्व आणि मग गर्वाची शोभा असा त्याचा प्रवास आहे. बेव्हर्ली हिल्समधला ‘वुडलँड’ हा त्याचा बंगला, तिथला पोहण्याचा तलाव, गुलाब, खासगी चित्रगृह, आणि पैशाच्या ओढाताणीत तो बंगला विकावा लागल्यावर नट जॅक निकल्सनने मध्यस्थी करून त्याला परत मिळवून दिला ही हकिकत, हे सगळे दिमाखाच्या खात्यात जाते. मी तुमच्या जागी असतो तर ‘हॉलिवूडमधले एक बडे आणि दिमाखदार प्रस्थ’ असे लिहिले असते.

मात्र एक सावधगिरी बाळगा. ‘द गॉडफादरचा निर्माता रॉबर्ट इव्हान्स’ असे चुकूनही लिहू नका. त्या चित्रपटाचा निर्माता अल्बर्ट रडी, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर त्याने घेतले. इव्हान्स त्या वेळी स्टुडिओचा निर्मितीप्रमुख होता. निर्माता म्हणून त्याचे स्वतःचे नाव लागले ते ‘चायनाटाउन’वर. मराठीत ‘निर्माता’ हा शब्द आपण पैसा घालणाऱ्यापासून मंडळींना जेवू घालणाऱ्यापर्यंत कोणालाही लावतो, म्हणून हा घोटाळा होतो. मी एकदा एका पुरवणीसाठी लिहिताना जाणीवपूर्वक ‘निर्मितीप्रमुख’ लिहिले होते, ते छापताना कोणी तरी ‘निर्माते’ असे ‘दुरुस्त’ केले आणि पुढचा आठवडा मी वाचकांची पत्रे वाचण्यात घालवला.

आता शीर्षक. १९५७ साली पडद्यावर आलेल्या ‘द सन ऑल्सो रायझेस’मध्ये पेद्रो रोमेरो या बैलझुंजीच्या नायकाची भूमिका निर्माता डॅरिल झॅनकने इव्हान्स या नवख्या नटाला दिली. इव्हान्सच्या सांगण्याप्रमाणे, मेक्सिकोतल्या मोरेलिया इथे चित्रीकरण असताना कादंबरीकार हेमिंग्वे, चित्रपटातले नट एव्हा गार्डनर, टायरोन पॉवर अशा मंडळींनी झॅनकला तार केली की हा माणूस राहिला तर चित्रपटाचे वाटोळे होईल. झॅनक येऊन थडकला, रिंगणात त्याने पोराची झुंजीची हालचाल पाहिली, हातात कर्णा घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे, पुढे पुस्तकाचे शीर्षक झालेले ते वाक्य उच्चारले. ज्याला पटत नसेल त्याने चालू लागावे, हेही पुढे जोडले. त्या क्षणी इव्हान्सला कळले की आपल्याला बनायचे आहे ते भीतीने थरथरणारा नट नव्हे, कर्णा हातात असणारा माणूस.

म्हणून ‘किड’ला ‘मुलगा’ म्हणू नये. ‘छोकरा’ आणि ‘पोऱ्या’ हे हॉटेलात फडके मारणारे होतात. ‘बच्चा’ हिंदी चित्रपटातल्या खलनायकाच्या तोंडचा आहे. मला ‘पोरगं’ हवे. आपले नपुंसकलिंग इथे इंग्रजीच्या पुढे जाते, कारण त्यात तुच्छता आणि पाठराखण एकाच दमात येते. ‘हे पोरगं पिक्चरमध्ये राहणार.’ ‘राहील’ नको, ते शासन निर्णयातले क्रियापद आहे. ‘राहतं’ही नको, कारण इंग्रजीत साधा वर्तमानकाळ हुकमासाठी चालतो, मराठीत तो सवय सांगतो. ‘चित्रपटात’ही नको. आपणही ‘तो आता पिक्चरमध्येच नाही’ असे म्हणतो, तेव्हा सिनेमा आणि आयुष्य हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात मुक्कामाला असतात.

राहिले आत्मचरित्र. हे पुस्तक लिहिलेले वाटत नाही, सांगितलेले वाटते, आणि ते गाजले तेही पुष्कळ अंशी त्याने स्वतःच्या खर्जातल्या आवाजात वाचलेल्या ध्वनिफितींमुळे. २००२ सालचा माहितीपटही त्याच आवाजावर उभा आहे. म्हणून मी ‘आत्मकथन’ म्हणेन.

दुसरा प्रतिसाद

बाकी सगळे मान्य, ‘आत्मकथन’ अमान्य. शब्दाची फोड बरोबर असली तरी शब्द कुठे राहून आला आहे हेही पाहावे लागते. गेल्या चार-पाच दशकांत मराठी समीक्षेत आणि विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत ‘आत्मकथन’ हा शब्द मुख्यतः दलित आणि भटक्या-विमुक्त समाजांतील लेखकांच्या लेखनाशी जोडला गेला आहे. ‘आत्मचरित्र’ हे स्थिरावलेल्या, मान्यता मिळालेल्या माणसाने मागे वळून लिहिलेले, आणि ‘आत्मकथन’ हे ज्याला बोलूच दिले गेले नाही त्याने सांगितलेले, असा एक भेद वापरातून रूढ झाला आहे. पोहण्याच्या तलावाकाठी पहुडलेला असताना नटी नॉर्मा शिअररने ज्याला पाहिले आणि एका चित्रपटात आपल्या दिवंगत नवऱ्याच्या, म्हणजे निर्माता आयर्व्हिंग थालबर्गच्या भूमिकेसाठी निवडले, त्याच्या गोष्टीवर हे नाव ठेवले तर वाचकाला ठेच लागेल.

सांगण्याचाच गुण दाखवायचा असेल तर हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ आठवा. तीही चित्रपटसृष्टीतली, तीही तोंडी सांगितलेली हकिकत, आणि शीर्षकातच सांगण्याची क्रिया. पण तिथला आवाज आणि इव्हान्सचा आवाज यांत फरक आहे. वाडकरांच्या सांगण्यात आपण झाकलेले उघडे होताना ऐकतो, इव्हान्सच्या सांगण्यात उघडे असलेले पुन्हा एकदा रंगवून घेतलेले असते. मी साध्या ‘आठवणी’ या शब्दाच्या बाजूचा आहे. आठवणीवर खरेपणाचे ओझे थोडे कमी असते आणि ते या माणसाला सोयीचे आहे. ‘द गॉडफादर’ची लांबी आपण आग्रहाने वाढवून घेतली असे तो सांगतो आणि त्याचा दिग्दर्शक फ्रान्सिस कपोला ते साफ नाकारतो. प्रत्येक गोष्टीला तुझी, माझी आणि खरी अशा तीन बाजू असतात आणि तरी खोटे कोणीच बोलत नसते, हे त्याचे लाडके वचन आहे. आपल्याकडच्या नाण्याला दोनच बाजू असतात, त्यामुळे तो वाक्प्रचार इथे वापरू नये.

जाता जाता: ‘रंगेल’ या शब्दाची वर कोणी दखलच घेतली नाही. सात लग्ने करणाऱ्या माणसाविषयी लिहिताना तो शब्द सुचणार, आणि १९८०च्या कोकेन प्रकरणात त्याने गुन्हा कबूल केल्यामुळे तो आणखीच हाताशी येणार. तरी पहिल्या वाक्यात तो नसावा. ‘रंगेल’ लिहिले की वाचक उरलेले पान चवीने वाचतो, आणि मग चित्रपटांविषयी लिहिलेले कोणी वाचत नाही.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

‘आत्मकथन’ मागे घेतो. शब्दाच्या फोडीत मी रमलो आणि त्याची वस्ती पाहिली नाही. ‘आठवणी’ला माझी एवढीच पुरवणी की तिच्यासोबत ‘स्वतः सांगितलेल्या’ हे शब्द असावेत, नाही तर इतरांनी त्याच्याविषयी सांगितलेल्या आठवणी असा अर्थ होण्याचा धोका आहे. ‘रंगेल’बद्दल सहमत. त्याची बायको, नटी अ‍ॅली मॅग्रॉ, त्याला सोडून नट स्टीव्ह मॅक्वीनकडे गेली तो भाग वाचताना तर तो शब्द अगदीच पोकळ वाटतो. तिथे हा माणूस स्वतःला मूर्ख म्हणवून घ्यायला तयार आहे, फक्त तेही ऐटीत.

मूळ प्रश्नकर्त्याचे निवेदन

सर्वांचे आभार. पहिले वाक्य आता असे झाले आहे: ‘हॉलिवूडमधले एक बडे आणि दिमाखदार प्रस्थ, पॅरामाउंटचा एके काळचा निर्मितीप्रमुख रॉबर्ट इव्हान्स (१९३०–२०१९) याने स्वतः सांगितलेल्या या आठवणी आहेत.’ शीर्षक मूळचेच ठेवले असून खाली ‘हे पोरगं पिक्चरमध्ये राहणार’ असे दिले आहे. मंडळाच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी ‘पोरगं’वरचा अनुस्वार काढून ‘पोरगे’ करावे अशी सूचना केली. झॅनकने कर्ण्यातून प्रमाण मराठी उच्चारली नसती असे मी त्यांना नम्रपणे कळवले आहे.