क्वार्टरबॅक बदलून काय होणार?
अमेरिकन फुटबॉलमध्ये पासिंग चाललं नाही की सगळ्यांचा रोख क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, बदलण्यावर असतो. एलएसयू या विद्यापीठ संघाचा क्वार्टरबॅक जो बरो आठवा: २०१८ मध्ये १६ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे), २०१९ मध्ये ६०. चेस-जेफरसन हे त्याचे रिसीव्हर (पास झेलणारे) तर आदल्या वर्षीही होतेच! बदलली ती योजना: सेंट्स या व्यावसायिक संघाकडून आलेल्या प्रशिक्षक जो ब्रेडीमुळे रनिंग बॅक (एरवी चेंडू घेऊन पळणारा) ब्लॉकिंगला, म्हणजे क्वार्टरबॅकच्या रक्षणाला, अडकून न राहता बऱ्याचदा पाचवा रिसीव्हर म्हणून सुटू लागला.

मात्र ब्लॉकर पाचच असले की क्वार्टरबॅकवर धावून येणारा सहावा रशर मोकळा येतो. क्वार्टरबॅकने तो स्नॅपआधीच (चेंडू खेळात येण्याआधीच) ओळखायचा आणि तो जिथून निघाला त्याच रिकाम्या जागेत, तिसऱ्या पावलाला, पाच-सहा यार्डांच्या स्लँटवर (रिसीव्हरच्या आत तिरक्या धावेवर) चेंडू द्यायचा. रिसीव्हरने ब्लिट्झ (जादा रशरचा हल्ला) वाचला नाही आणि लांबच पळत सुटला, तर सॅक, म्हणजे क्वार्टरबॅक चेंडूसकट पाडला जाणं, ठरलेला. खापर उगाच लाइनवर, म्हणजे त्या पाच ब्लॉकरवर. सरावात नुसतं सात विरुद्ध सात खेळून हे बसत नाही, कारण त्यात रशच नसतो.