मदत हवी आहे: नर्मदेच्या गाळातले झिरकॉन

नमस्कार मंडळी, मी बडोद्यात भूशास्त्रात एम.एस्सी. करतेय. भरूचकडच्या गाळावरून नर्मदेचा जुना प्रवास शोधायचाय. झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या कणांमधल्या युरेनियम-२३८ चं हळूहळू शिसं-२०६ होतं (अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं), त्यावरून कण कुठल्या वयाच्या खडकातून आला ते कळतं. अडचण अशी, की सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात) झिरकॉन जवळजवळ नसतोच! म्हणजे ज्या काळ्या खडकातून नर्मदामैयानं एवढी वाट काढली, तोच हिशेबातून गळणार. मग त्याचा वाटा कशावरून धरू? खडकागणिक बदलणाऱ्या स्ट्रॉन्शियम-निओडिमियम समस्थानिकांच्या प्रमाणावरून, की बेसाल्ट झिजून होणाऱ्या चिकणमातीतल्या स्मेक्टाइट या खनिजावरून? आणि गाळ साचला कधी, हे झिरकॉन सांगत नाही; त्यासाठी क्वार्ट्झच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला ते मोजतात (ल्युमिनेसन्स पद्धत); मग ते नमुने उजेड न लागू देता, अंधारात कसे काढता? कुणी हे हातानं केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.